शेंगतेल, तूप आणि फोडणीची पळी

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राहतो. मिस्टरांचे वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ९२ किलो आणि पोटाचा घेर १०६ सेंटिमीटर आहे. तरुणपणी ते तालमीत होते; आता शिरोली एमआयडीसीत स्वतःचे वर्कशॉप आहे आणि दिवसभर काम बैठे असते. नुकत्याच केलेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ११२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० आणि एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) १४८ आले. डॉक्टरांनी ‘तेलकट बंद करा’ एवढेच सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे, की त्यांच्या काळी घाण्याचे शेंगतेल आणि घरचे तूप खाऊन कोणी जाड झाले नाही, रिफाइंड तेलाने घात केला. मुलगी ऑलिव्ह ऑइल आणा म्हणते. घरात आम्ही पाच माणसे, पंधरा किलोचा डबा साधारण दोन महिने जातो आणि रोज दोन लिटर म्हशीचे दूध येते. नेमके कोणते तेल वापरावे?

उत्तर :

ताई, तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर आधी देते. घाण्याचे शेंगतेल तुमच्या घराला चालते, ते बदलण्याची गरज नाही. मात्र तेवढ्यावर थांबले तर तुमच्या मिस्टरांच्या वजनात किंवा रिपोर्टमध्ये काहीही फरक पडणार नाही, कारण तुमच्या घरातली खरी अडचण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. पंधरा किलोचा डबा, पाच माणसे, दोन महिने. हा हिशेब केला तर माणशी रोज पन्नास ग्रॅम तेल होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत २००० किलोकॅलरींच्या दिवसाच्या ताटासाठी वरून घातले जाणारे तेल आणि तूप मिळून २७ ग्रॅम धरलेले आहे. म्हणजे तुमच्या घरात त्याच्या जवळजवळ दुप्पट तेल जाते, आणि त्यात तूप अजून मोजलेलेच नाही. यात तुम्ही एकट्या नाही. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशातला खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो दिला आहे. त्याला ३६५ ने भागले की चौपन्न ग्रॅम येतात. आपण सगळेच साधारण एका पळीने जेवतो आहोत.

एक ग्रॅम स्निग्धातून नऊ किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून आणि प्रथिनातून चार. हा आकडा शेंगतेलाला, तुपाला, ऑलिव्ह तेलाला आणि खोबरेल तेलाला एकच आहे, तेल घाण्याचे असो वा रिफाइंड. तुमच्या घरात माणशी जादा जाणारे तेवीस ग्रॅम म्हणजे सुमारे दोनशे किलोकॅलरी, अर्थात साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीएवढी ऊर्जा. ती भाकरी ताटात वाढली असती तर मिस्टरांनी पोट भरले म्हणून परत ठेवली असती; तेलातून आली म्हणून ती जाणवली नाही.

‘मी काही तेल जास्त घालत नाही’ असे मला जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकायला मिळते आणि ते कोणी खोटे बोलत नसते. आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना सव्वीस वर्षांत मी एक सवय लावून घेतली आहे : पहिल्या भेटीला येताना घरातली फोडणीची पळी बरोबर आणायला सांगते. कागलहून एक काकू आल्या होत्या. मधुमेह, गुडघेदुखी, वजन ८१ किलो. त्या म्हणाल्या, “मॅडम, तेल कुठं जास्त घालतोय वो मी, एकच पळी की.” मी पळीत पाणी भरायला लावले आणि खोकल्याच्या औषधाबरोबर मिळते त्या मापाच्या झाकणाने ते मोजले. दहा मिलिलिटरचे झाकण तीनदा भरले आणि थोडे उरले. पळी बत्तीस मिलिलिटरची निघाली. भाजीला एक, आमटीला एक, संध्याकाळी पुन्हा दोन. घरात माणसे चार, म्हणजे नुसत्या फोडणीतून माणशी बत्तीस मिलिलिटर, वजनात एकोणतीस ग्रॅम. चपातीच्या घडीत घालायचे तेल, वरून लावायचे तेल आणि आठवड्यातली भजी त्यात नव्हती. काकू बराच वेळ त्या पळीकडे बघत राहिल्या. ती पळी त्यांच्या सासूची होती आणि सासूच्या हाताखाली अठरा माणसांचा स्वयंपाक होत असे. माणसे चारवर आली, पातेले लहान झाले, पळी तीच राहिली.

म्हणून तुमच्या सासूबाईंच्या बोलण्याकडे मी वळते. त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्यात बराच भाग खरा आहे. त्यांच्या तरुणपणीचे रोजचे जेवण भाकरी, आमटी, पालेभाजी, ठेचा, ताक असे होते. भाकरीला थेंबभर तेल लागत नाही. हाच एक पदार्थ चपातीने बदलला की सहा चपात्यांमागे सहज पंधरा ग्रॅम तेल पोटात जाते. माठ, तांदळी, आंबाडी किंवा घोळ पातेल्यात टाकली की स्वतःच्या पाण्यात शिजते. आमटी कडधान्याची आणि पातळ असे, अठरा माणसांत पळी-दीडपळी तेलाची. आणि सकाळी जात्यावर दळून, आडाचे पाणी शेंदून, दिवसभर रानात राबून ते अन्न जिरवले जात असे. तूप होते, पण सायीचे तूप विकले जाई, बाळंतिणीसाठी, पैलवान पोरासाठी, पाहुण्यांसाठी राखले जाई, किंवा सणाला पुरणपोळीवर ओतले जाई. आपल्याला आठवतात ते सणच. पुरणपोळीवरच्या तुपाची धार सत्तर वर्षांनंतरही डोळ्यांसमोर राहते, मधल्या तीनशे दिवसांचे पिठले कोणी आठवत नाही. ‘आम्ही भरपूर तूप खाल्ले’ असे जुनी माणसे सांगतात तेव्हा ती खोटे सांगत नसतात. ती त्या मोजक्या दिवसांबद्दल बोलत असतात. आज आपण सणाच्या आणि रविवारच्या जेवणाला आपले पारंपरिक जेवण म्हणतो आणि ते मंगळवारीही करतो. वजनाचा प्रश्न इथून सुरू होतो.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत तर आणखी एक कोल्हापुरी कारण दिसते आहे. तालमीतल्या पैलवानाची खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, आणि ती शेकडो जोर, बैठका आणि लाल मातीतल्या लढतींच्या जोरावर पेलली जाते. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलेल्या या शहरात ती खुराक म्हणजे अभिमानाची गोष्ट आहे, आणि ते योग्यच आहे. पण लंगोट खुंटीला लागतो तेव्हा खुराक त्याच दिवशी कमी होत नाही. भूक, ताटाचा आकार आणि घरच्यांचा वाढण्याचा हात पुढे दहा-पंधरा वर्षे तसाच राहतो. माझ्याकडे येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांत माजी पैलवान बरेच असतात आणि त्यांना पटवणे कठीण जाते, कारण त्यांना आपले शरीर अजून कमावलेले वाटते. मिस्टरांना एवढेच सांगा की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१.८ आहे म्हणून घाबरू नका, जुने स्नायू थोडे त्यात असू शकतील. पण १०६ सेंटिमीटर कंबर स्नायूंची नसते. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

ही मर्यादा आपल्यासाठी पाश्चात्त्यांपेक्षा कमी का, हे समजून घेण्यासारखे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा एक एकत्रित फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी साठलेली असू शकते, आणि ती यकृताच्या, स्वादुपिंडाच्या आसपास असल्याने साखर व ट्रायग्लिसराइड लवकर वाढवते. आपण २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा मानतो तो या कारणाने. तुमच्या सासूबाई स्वतः बारीक असतील आणि साखर कधी तपासली नसेल, तर त्यांचीही एकदा तपासणी करून घ्या.

आता तेलाच्या प्रकाराकडे येते, कारण त्याला महत्त्व नाही असे मला म्हणायचे नाही. प्रमाण आवरल्यानंतर प्रकार मोजावा, एवढाच क्रम आहे. प्रत्येक तेल हे वेगवेगळ्या स्निग्धाम्लांचे मिश्रण असते. शेंगतेलात एक-असंतृप्त आम्ले जवळपास निम्मी, बहु-असंतृप्त साधारण तीस टक्के आणि संतृप्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, वीस टक्क्यांच्या आत असतात. तळणीला, फोडणीला, चवीला ते उत्तम आहे आणि आपल्या जिभेला ओळखीचे आहे. त्यात एक उणीव आहे : ओमेगा-३ हे शरीराला लागणारे स्निग्धाम्ल जवळजवळ नसते. करडई आणि सूर्यफूल यांच्या नेहमीच्या तेलांत लिनोलेइक आम्ल (ओमेगा-६ प्रकारचे स्निग्धाम्ल) फार, म्हणजे करडईत सत्तर टक्क्यांच्या वर; ओमेगा-३ त्यांच्यातही नाही. सोयाबीन तेलात ते सात टक्क्यांच्या आसपास असते, मोहरीच्या तेलात त्याहून थोडे अधिक. हातकणंगले-शिरोळ भागात सोयाबीन इतके पिकते की ते तेल आपल्याकडे सहज मिळते. म्हणून माझा सल्ला असा असतो की एक डबा शेंगतेलाचा संपला की पुढचे दोन-तीन लिटर सोयाबीनचे आणावे, किंवा भाजीला एक आणि आमटीला दुसरे वापरावे. याहून सोपा उपाय तुमच्या सासूबाईंना माहीत असणार : जवसाची चटणी. जवस भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटलेली एक-दोन चमचे चटणी रोज भाकरीबरोबर खाल्ली की ओमेगा-३ ची उणीव बऱ्याच अंशी भरते. जवस कुटलेलेच हवेत, अख्खे दाणे तसेच्या तसे बाहेर पडतात, आणि चटणी एका वेळी आठ दिवसांचीच करावी, कारण ती लवकर खवट होते.

ऑलिव्ह तेल चांगले आहे, पण त्याची ख्याती ज्या प्रदेशातून आली तिथे ते भाज्या, मासे, डाळी यांच्या जोडीने खाल्ले जाते. मिसळीला ते घालून मिसळीचे गुण बदलत नाहीत. त्याच पैशांत फळे आणि पालेभाजी आणा.

घाण्याचे की रिफाइंड, यावर सध्या फार जोराने बोलले जाते. लाकडी घाण्यावर तेल थंडपणे निघते, त्यामुळे ई जीवनसत्त्व, वनस्पतीजन्य स्टेरॉल आणि वास टिकून राहतो. रिफायनिंगमध्ये त्यातले काही कमी होते. हा फरक खरा आहे पण लहान आहे आणि त्याचा वजनाशी संबंध नाही. रिफाइंड तेलाला विष म्हणणे मला मान्य नाही. उलट घाण्याच्या तेलात एक काळजी घ्यावी लागते, जी फार कमी लोक घेतात. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते, आणि रिफायनिंगमध्ये ते निघून जाते, घाण्यावर मात्र काही प्रमाणात तेलात उतरते. तेव्हा घाण्यावर स्वतः दाणे देत असाल तर ते निवडून द्या. सुरकुतलेले, काळपट, कडवट, बुरशीचे दाणे काढून टाका. तयार तेल घेत असाल तर घाणेवाल्याला कच्चा माल दाखवायला सांगा. प्रामाणिक घाणेवाला तो आनंदाने दाखवतो. आणि ‘कोलेस्ट्रॉल-मुक्त’ या अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नका, कोणत्याच वनस्पती तेलात मोजण्याजोगे कोलेस्ट्रॉल नसते.

तुपाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. तुपात संतृप्त स्निग्धाम्ले साठ टक्क्यांहून अधिक असतात आणि ती एलडीएल वाढवतात. ही गोष्ट पुन्हा पुन्हा तपासून सिद्ध झालेली आहे. रोज दोन चमचे तूप उपाशीपोटी घेतल्याने चरबी वितळते हे खोटे आहे, आणि ते ऐकून रक्तवाहिन्यांच्या आजाराची माणसे सकाळी तूप पिऊ लागली आहेत हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. दुसरीकडे, ज्या माणसाचे एलडीएल ठीक आहे त्याने गरम वरणभातावर एक चमचा तूप घ्यायला माझी हरकत नसते; फक्त तो चमचा त्या २७ ग्रॅममधून वजा करायचा. तुमच्या मिस्टरांचे एलडीएल १४८ आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी तूप सध्या आठवड्यातून एक-दोनदा, एक लहान चमचा. नारळाच्या तेलालाही हाच न्याय लावते, कारण त्यात संतृप्त भाग नव्वद टक्क्यांच्या जवळ असतो. डालड्याविषयी मात्र माझे मत पक्के आहे : घरात नको. १९३७ मध्ये तो बाजारात आला आणि स्वस्त म्हणून तुपाची जागा त्याने घेतली, पण जुन्या पद्धतीच्या हायड्रोजनेशनमध्ये (तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत) तयार होणारी ट्रान्स फॅट्स एलडीएल वाढवतात आणि चांगले एचडीएल कमीही करतात. जानेवारी २०२२ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे आणि त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली. तरी वनस्पती तूप संतृप्त असतेच. खारी, बटर, नानकटाई रोज चहाबरोबर येत असेल तर ती सणापुरती ठेवा.

आता न दिसणाऱ्या स्निग्धाकडे येते, कारण कोल्हापुरी घरात ते दिसणाऱ्या तेलाइतकेच असते. पहिले दूध. म्हशीच्या दुधात सहा ते सात टक्के स्निग्ध असते. तुमच्या दोन लिटरमध्ये रोज सुमारे एकशे तीस ग्रॅम. ते चहात, दह्यात, सायीत आणि सायीच्या तुपात वाटले जाते, पण पाच माणसांच्या पोटातच जाते : माणशी सव्वीस ग्रॅम. गंगावेशीत कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात दूध कमी करा म्हणणे मला जड जाते. दूध कमी करू नका. एक लिटर म्हशीचे आणि एक लिटर टोन्ड घ्या. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्ध असते, त्यामुळे हा एक बदलच घरात रोज तीस-पस्तीस ग्रॅम वाचवतो. मिस्टरांचा चहा आणि दही टोन्ड दुधाचे करा. ताक घुसळून लोणी काढलेले असेल तर त्याला मर्यादाच नाही.

दुसरे म्हणजे दाण्याचे कूट, सुके खोबरे, तीळ, खसखस. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर, दाण्यात आणि तिळात चाळीस ते पन्नास टक्के स्निग्ध असते. दाणे-तीळ हे उत्तम अन्न आहे, त्यात प्रथिने आणि तंतूही आहेत, म्हणून ते काढून टाकायचे नाहीत. पण ज्या भाजीत दोन मोठे चमचे कूट पडते तिला आणखी पळीभर तेलाची फोडणी लागत नाही; कूट शिजताना स्वतःचे तेल सोडते. तशीच आपली वर्षाची चटणी. उन्हाळ्यात डंकावरून करून आणलेल्या कांदा-लसणीच्या चटणीत मिरची, धने, कांदा, लसूण यांबरोबर खोबरे, तीळ आणि ते सगळे तळायला लागलेले तेल आधीच असते. तेलात चटणी परतल्याशिवाय रंग येत नाही हे खरे, आणि त्याला शास्त्रीय कारणही आहे : मिरचीचा लाल रंग स्निग्धात विरघळतो, पाण्यात नाही. पण तो सुटायला दोन लहान चमचे तेल पुरते. आच मंद ठेवून, चटणी टाकल्याबरोबर चमचाभर पाणी शिंपडून परतली तर ती करपत नाही आणि कमी तेलातही कट लाल येतो.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचारण्याच्या बेतात असाल. तांबड्यासाठी खोबरे, तीळ, खसखस कोरडेच भाजा, त्यांच्याच तेलावर ते खरपूस होतात. कांदा आचेवर अख्खा भाजून वाटा, म्हणजे तो तेलात परतावा लागत नाही. मटण आणतानाच वरची चरबी काढून द्यायला सांगा. मटण आदल्या रात्री शिजवून अळणी पाणी फ्रीजमध्ये ठेवले तर सकाळी वर पांढरा घट्ट थर जमतो, तो चमच्याने उचलून टाकता येतो. हे एकदा करून पाहा. मी ते पहिल्यांदा माझ्याच घरी केले तेव्हा किलोभर मटणावर आलेला थर पाहून आमच्या घरातले वाद संपले. पांढऱ्या रश्श्यात नारळाचे घट्ट दूध असते. त्याच्याऐवजी पातळ दूध वापरून, काजू कमी करून, खसखस-तीळ आणि अळणी पाण्याची चव पुढे आणता येते. तो मिस्टरांना एक वाटी द्या. हॉटेलात रश्श्याच्या वाट्या मोजल्या जात नाहीत, घरात मोजाव्यात. तांबडा वाढताना पळी खालपर्यंत घालून वाढा आणि वरची तर्री पातेल्यात राहू द्या. ज्याला हवी त्याने चमचाभर घ्यावी. आणि हे जेवण आठवड्यातून एकदा असू द्या, बुधवार, शुक्रवार, रविवार तिन्ही वार नकोत.

बाहेरच्या मिसळीत मटकी पौष्टिक असते, भार असतो तो तर्रीचा आणि फरसाणाचा. शंभर ग्रॅम फरसाणात तीस-चाळीस ग्रॅम तेल असते. घरी मोडाची मटकी भरपूर, पातळ कट, मूठभर ऐवजी दोन चमचे फरसाण आणि पावाऐवजी भाकरी, अशी मिसळ मी स्वतः खाते.

तळण्याचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वारंवार तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल बिघडल्याची खूण असलेल्या घटकांची, मर्यादा कायद्याने पंचवीस टक्के ठरवलेली आहे. घरी ती मोजता येत नाही, पण तेल काळसर, दाट झाले, फेस येऊ लागला किंवा लवकर धुरावले तर ते गेले असे समजावे. पुऱ्यांचे उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवावे, त्यात दुसरी तळण काढू नये.

हे सगळे वाचून घरच्या जेवणाबद्दल तुमच्या मनात भीती बसू नये, म्हणून एका प्रयोगाचा उल्लेख करते. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस प्रौढांना महिनाभर संस्थेत ठेवले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साध्या घटकांपासून शिजवलेले अन्न दिले. दोन्ही ताटांत साखर, स्निग्ध, तंतू यांचे प्रमाण जुळवलेले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नावर माणसांनी रोज सुमारे पाचशे किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढवले. शिजवलेले, चावावे लागणारे, तंतू असलेले अन्न पोट भरल्याचे सांगते. तुमच्या सासूबाईंच्या हातची भाकरी आणि माठाची भाजी हे काम उत्तम करते.

गुळाबद्दल एकच सांगते : आपला गूळ कितीही नावाजलेला असला तरी कॅलरी साखरेच्या जवळपासच आहेत, आणि ट्रायग्लिसराइड २४० असताना दिवसातले चार गोड चहा तेलाइतकेच महत्त्वाचे ठरतात. मद्य घेत असतील तर तेही थांबवावे लागेल.

आता तुमच्या घराचे माप. पाच माणसे, माणशी २७ ग्रॅम, तीस दिवस : महिन्याला चार किलो. त्यात अर्धा किलो तूप धरले तर तेल साडेतीन किलो. म्हणजे आषाढात फोडलेला पंधरा किलोचा डबा दिवाळीपर्यंत पुरायला हवा. फोडलेले घाण्याचे तेल इतके दिवस ठेवू नका, पाच लिटरचे कॅन आणा आणि अंधाऱ्या जागी स्टीलच्या किटलीत ठेवा. रोज सकाळी दिवसाचे तेल एका वाटीत काढून घ्या, पाच जणांचे सुमारे एकशे तीस मिलिलिटर, आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्यातूनच करा. एकदम निम्म्यावर येऊ नका. घरच्यांची जीभ बंड करते आणि पंधरा दिवसांत सगळे पूर्वपदावर येते. दर पंधरवड्याला वाटीतले थोडे थोडे कमी करत दोन-अडीच महिन्यांत या मापावर या. घरातली मुले वाढीच्या वयात असतील, तर त्यांना दूध, दाणे, अंडी कमी करू नका. सासूबाई बारीक असतील, भूक मंदावली असेल, तर त्यांच्या मऊ भातावर तूप खुशाल घाला. पातेले एकच ठेवा, वरून घालायचे वेगळे ठेवा.

मिस्टरांसाठी पहिले उद्दिष्ट पाच ते सहा किलोंचे ठेवा, सहा महिन्यांत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात सात टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण अठ्ठावन्न टक्क्यांनी घटले होते. आणि त्या गटातली माणसे तुमच्या मिस्टरांसारखीच साखरेच्या उंबरठ्यावर उभी होती. रंकाळ्यावर रोज सकाळी अर्धा तास भरभर चालणे त्यांना जमेल. जुने जोर-बैठका एकदम सुरू करू देऊ नका, आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी होऊ दे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर तेल कमी केले म्हणून त्या थांबवू नका. दोन्ही एकत्र चालतात. आणि तेल पूर्ण बंदही करू नका : अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषायला स्निग्ध लागते, आणि अगदी तेलाशिवायच्या आहाराने झपाट्याने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

ट्रायग्लिसराइड सर्वांत लवकर उतरतात, म्हणून तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा; साखर आणि एलडीएल त्याच वेळी पाहता येतील. वजन आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी. कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. नवीन कॅन ज्या दिवशी फोडाल त्या दिवसाची तारीख त्याच्यावरच पेनने लिहून ठेवा, आणि तपासणीचे रिपोर्ट दाखवायला याल तेव्हा त्या तारखा आणि घरातली पळी बरोबर घेऊन या.